बाहेरच्या कोडाचा नंबर

शिरूरच्या त्या वस्तीत आता एकच लँडलाईन उरली आहे आणि ती साहेबरावांच्या घरात आहे. टीव्हीच्या बाजूला विणलेल्या रुमालाखाली झाकलेला फोन, आणि त्याच्या शेजारी आलेला नंबर दाखवणारा एक काळा डबा. डब्याची काच पिवळी पडली आहे. फोन महिनोन्‌महिने वाजत नाही. "कशाला ठेवलाय, आप्पा?" असं कुणी विचारलं की साहेबराव म्हणतात, "राहू दे. सवय हाय." ही शुद्ध थाप आहे. सवय असलेला माणूस फोन वाजला की उचलतो. साहेबरावांनी ह्या फोनवर एक नंबर वीस वर्षं पाहिला आणि एकदाही उचलला नाही.

तो का उचलला नाही हे सांगायचं तर आधी नंबरांबद्दल बोलावं लागेल, माणसांबद्दल मागून.

साहेबराव टेलिफोन खात्यात लागले ते खांबांसाठी खड्डे खणायला, रोजंदारीवर. तेव्हा त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. एक्सचेंजमधले कारकून "ए खड्डा" म्हणत आणि ह्यांनी "जी" म्हणायचं. पुढे कायम झाले, लाईनमन झाले, दोन वर्षं दौंडला बदलीवर काढून परत शिरूरला आले, तरी तो 'खड्डा' काही सुटेना. एक्सचेंजमध्ये एसटीडी कोडांचं एक जाडजूड पुस्तक होतं. त्यावर चहाचे कप ठेवत. साहेबरावांनी ते कपाखालून ओढून काढलं. दुपारी एका हाताने भाकरी आणि दुसऱ्या हाताने पानं, असं करत तीन वर्षांत त्यांनी जवळजवळ सगळ्या देशाचे कोड पाठ केले. मग एक दिवस नव्याने आलेला इंजिनिअर एका कोडावर अडला, तेव्हा तेच कारकून म्हणाले, "साहेबरावांना बोलवा." सातवी शिकलेल्या माणसाला ह्याहून मोठं पदक कोण देणार? कोडांनी त्यांना त्यांचं नाव परत दिलं. हे लक्षात ठेवा. पुढे जो घात झाला तो ह्या पदकापायीच.

एक्सचेंजसमोर चहाची टपरी होती. संध्याकाळी तिथे साहेबरावांचा वर्ग भरायचा.

"शून्य म्हंजी गावाची वेस," ते सांगायचे. "भाईर जायचं तर आधी शून्य. फुडचा दोन म्हंजी आपला मुलूख. मुंबई बावीस, पुणं वीस. आता आपला जिल्हा बगा. खालच्या अंगाची गावं दोनशे अकराच्या घरातली. बारामती २११२, दौंड २११७. वरच्या अंगाची दोनशे तेराच्या घरातली. जुन्नर २१३२, शिक्रापूर २१३७, आन् आपुन २१३८. पर कोडाची शीव येगळी आन् तालुक्याची येगळी. भांडगाव दौंड तालुक्यात हाय, पर कोड केडगावचा, २११९. खात्यानं काय तहसीलदाराला इचारून तारा वढल्या न्हाईत."

"आन् पुण्याचा कोड येवढा आखूड का, आप्पा?"

"मोठ्याचा कोड आखूड, लहानाचा लांब. पर कोड आन् नंबर मिळून आकडे दहाच. पुण्याच्या घरातला नंबर लांब, आपला आखूड. पुणंबी पयलं आपल्याच वळीत होतं की, २१२. मोठं झालं, आन् येक आकडा झटकून वीस होऊन बसलं. मोठी मान्सं तशीच. फुडं गेली की आधी भावकीचा आकडा झटकत्यात."

टपरी हसायची. खात्याने सगळ्यांच्या नंबराआधी दोनचा आकडा चिकटवला, तेव्हा तो का ते साहेबरावांनीच समजावून सांगितलं. राज्यातल्या राज्यात फोन करताना शून्याऐवजी पंच्याण्णव फिरवायचे आणि स्वस्तात बोलायचं असं निघालं, तेव्हाही बाया कागद घेऊन त्यांच्याकडेच आल्या. आणि ह्या सगळ्यातून टपरीवर एक खेळ सुरू झाला. कुणीही कसलाही नंबर आणायचा, साहेबरावांनी गाव सांगायचं. चुकले तर चहा त्यांचा, बरोबर आले तर आणणाऱ्याचा. साहेबरावांनी आपल्या खिशातून कधी चहा पाजल्याचं कुणाला आठवत नाही.

२००५ च्या उन्हाळ्यात साहेबरावांचा भाचा महेंद्र घरातून गेला. महेंद्र म्हणजे त्यांची धाकटी बहीण ताईबाई, तिचा थोरला. शिरूरच्या कॉलेजात शिकलेला, गोरा नाही पण देखणा, बोलायला गोड. त्याच दिवशी नदीकाठच्या एका वाडीतून सविता गेली. सविता हौसरावांची मुलगी. हौसराव बागायतदार, सोसायटीचे चेअरमन, आणि ज्यांच्या दारात दोन जीपगाड्या उभ्या असतात त्यांपैकी एक. वाडीचं नाव घेत नाही, घेतलं की आजही लोक बाह्या सावरतात. पोरगी तिकडची आणि पोरगा बौद्धवस्तीतला, म्हटल्यावर काय होतं हे मला सांगायला नको आणि तुम्हाला ऐकायला नको. वस्तीतल्या बाया आठ दिवस बाजाराला गेल्या नाहीत.

दोघं दौंडला होती. महेंद्रचा जिवलग मित्र सतीश ह्याच वस्तीतला. तो रेल्वेत ट्रॅकवर लागला होता आणि त्याला स्टेशनामागे एका खोलीचं क्वार्टर होतं. तिथे त्याने दोघांना ठेवलं आणि स्वतः बाहेर ओट्यावर झोपू लागला. ही गोष्ट शिरूरात एकट्या ताईबाईला माहीत होती. तिने सख्ख्या भावालाही सांगितली नाही. "तुमाला ठावं नसलं तर तुमी इचारल्यावर खोटं बोलावं लागायचं न्हाई, दादा," असं ती म्हणाली. शहाणी बाई. पण शहाणपण एकट्याचं पुरत नाही.

सविताने फक्त एक चूक केली, आणि ती चूक म्हणायची तरी कशी? तिने आईला फोन केला. साखरबाई रडून रडून आजारी पडली असेल, ह्या विचाराने पोरीला घास गोड लागेना. गुरुवारी दुपारी हौसराव सोसायटीच्या बैठकीला जात, ती वेळ साधून ती बूथवर गेली आणि पंच्याण्णव लावून घरी फोन केला. "पुढच्या गुरुवारी परत करते," म्हणाली. साखरबाईने कुणाला सांगितलं नाही. पण हौसरावांनी नुकताच फोनशेजारी नंबर दाखवणारा डबा बसवला होता. बायकोचे सुजलेले डोळे पाहून त्यांनी रात्री डबा तपासला.

डब्यावर दहा आकडे होते. पुढचा शून्य डबा खात असे. दहा आकडे पाहून हौसरावांना वाटलं मोबाईल असेल. उलट फोन करून पोरीला सावध करायचं नव्हतं. ते विचार करत बसले, आणि त्यांच्या ट्रॅक्टरवरचा गडी पोपट म्हणाला, "मालक, टपरीवर येकजण हाय. नुसता नंबर बगून गाव सांगतो."

"कोण?"

"त्या पोराचा मामाच."

हौसराव हसले म्हणतात. मी तिथे नव्हतो, पण हसले असतील.

दुसऱ्या दिवशी पोपट टपरीवर आला. तो तिथला नेहमीचाच, आणि हल्ली हौसरावांच्या ट्रॅक्टरवर लागलाय हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. त्याच्या हातात चिठ्ठी होती, तिच्यावर चार नंबर.

"आप्पा, आज तुमचा चहा पक्का," तो म्हणाला.

साहेबरावांनी चष्मा लावला. गेले कित्येक दिवस वस्तीत जीव मुठीत धरून बसल्यासारखं झालं होतं, वस्तीतलं दुसरं कुणी टपरीकडे फिरकत नव्हतं, आणि तिथले लोकही त्यांच्याशी जपून बोलत होते. जुना खेळ आला तसं त्यांना बरं वाटलं. पहिला नंबर सोलापूर. दुसरा नगर. तिसरा सातारा. प्रत्येकाला अर्धा श्वासही लागला नाही.

"आता चवथा तुमाला याचा न्हाई," पोपट म्हणाला. "मोबाईल हाय त्यो. मोबाईलला कुठलं गाव?"

बस. माणसाला कुठे टोचायचं हे गरिबाला बरोबर कळतं आणि श्रीमंत त्याच्याकडून ते विकत घेतो.

"मोबाईल?" साहेबराव हसले. "आरं येड्या, मोबाईल अठ्ठ्याण्णवनं न्हाईतर चौऱ्याण्णवनं सुरू व्हतो. ह्यो लँडलाईन हाय. ह्येला तोडून वाच. दोन एक एक सात. दौंड! राह्यलं सहा. दोनशे बासष्ट म्हंजी गावातलं जुनं एक्सचेंज. आन् ह्यो शेवटचा तुकडा..." त्यांनी डोळे मिटले. "मालधक्क्यासमोरचा पीसीओ. निळ्या पत्र्याचा. त्येची लाईन म्याच वढलीया."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोपटने सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले. आपला स्वतःचा कप मात्र भरलेला तसाच ठेवून गेला. साहेबरावांनी तो कप पाहिला. मनात काहीतरी हललं. इतका अट्टल चहाबाज माणूस कप टाकून कसा गेला, असं वाटलं. मग कुणीतरी म्हणालं, "आप्पा, तुमच्यासारखा मानूस खात्यात पुन्यालाबी न्हाई," आणि ते हललेलं जागेवर बसलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी माणसं आपण रोज पाहतो. पण त्यांच्या जिभेखाली कुणाचा संसार सापडत नाही, हे त्यांचं नशीब.

पुढच्या गुरुवारी दुपारी निळ्या पत्र्याच्या बूथपाशी हौसरावांची जीप उभी होती. सविता फोन करायला आली, तिला त्यांनी हात लावला नाही. आईशी बोलून होऊ दिलं. मग तिच्या मागोमाग क्वार्टरपर्यंत गेले. महेंद्रच्या उजव्या पायाची दोन ठिकाणी हाडं मोडली. सविताला केसाला धरून जीपमध्ये घातलं आणि महिन्याच्या आत कुठल्याशा लांबच्या गावी उजवून टाकलं. त्यानंतर तिचं काय झालं, मला माहीत नाही. साखरबाईलाही माहीत होतं की नाही, कोण जाणे. पोलिसात जायचं ठरत होतं, पण सविताकडून काय लिहून घेतलं जाईल हे सगळ्यांना दिसत होतं. प्रकरण मिटलं, म्हणजे एका बाजूचं मिटलं.

सतीश त्या वेळी ड्युटीवर होता. त्याच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता. हाच त्याचा गुन्हा ठरला.

ताईबाईचा हिशेब साधा होता. ठिकाण दोघांनाच माहीत, एक मी आणि एक सतीश. मी माझ्या पोराचा पाय मोडायला सांगितलेलं नाही. पुढच्या रविवारी विहारात बैठक बसली. सतीश रात्रपाळी करून, तोंडही न धुता आला होता. हात जोडून म्हणाला, "जय भीम. म्या कुनाला सांगितलं न्हाई. सविता बूथवरनं घरी फोन करायची. त्यांच्या घरी नंबर दिसायचा डबा बसवलाय म्हनं. त्या नंबरावरनं त्यांनी हुडकलं आसंल. तुमी इचारा कुनाला बी."

मग सगळ्यांच्या माना साहेबरावांकडे वळल्या. दुसरं कोण होतं विचारायला?

साहेबरावांना त्या क्षणी पोपटचा भरलेला कप दिसला. निळा पत्रा दिसला. टाळ्या ऐकू आल्या. समोर ताईबाई बसली होती, तिचा पदर हातात गोळा झालेला. एकच वाक्य बोलायचं होतं. 'व्हय, तसं होऊ शकतं, आन् ते माझ्याच तोंडून झालं.' त्याऐवजी ते म्हणाले:

"बाहेरच्या कोडाचा नंबर डब्यावर उमटत न्हाई. येकाच कोडातला फोन आसंल तरच दिसतो. दौंडचा कोड येगळा, आपला येगळा."

सतीश म्हणाला, "मामा, येकदा करून तरी बगा. म्या दौंडवरनं तुमच्या घरी फोन करतो. तुमच्याकडं डबा हाय." तेव्हा एक म्हातारे उठले आणि म्हणाले, "खात्याचा मानूस सांगतोय. त्येच्यावर तू कोन करून बगनारा?"

टपरीवर जिथे गप्प बसायचं तिथे हा माणूस खरं बोलला, आणि विहारात जिथे खरं बोलायचं तिथे खोटं. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून. पहिली गोष्ट मूर्खपणाची होती, ती माफ करता येते. दुसरीला मूर्खपणा म्हणता येत नाही. ते घाबरले होते. बहिणीला घाबरले, वस्तीला घाबरले, आणि सगळ्यात जास्त पुन्हा 'खड्डा' होण्याला घाबरले.

सतीश उठून गेला. वस्तीने त्याच्याशी बोलणं टाकलं. पुढे त्याचं लग्न लांबच्या गावातल्या सगुणाबाईशी झालं. इकडून कुणी गेलं नाही. त्याची आई वारली तेव्हा खांदा द्यायला दौंडहून रेल्वेतली माणसं आली.

त्या बैठकीनंतर पंधरा दिवसांनी, गुरुवारी दुपारी साहेबरावांच्या घरचा फोन वाजला. डब्यावर आकडे उमटले. दोन, एक, एक, सात. पुढे दोनशे बासष्ट. पुढे तोच तुकडा. मालधक्क्यासमोरचा पीसीओ. साहेबराव फोनपाशी उभे राहिले. फोन वाजून वाजून थांबला. सतीशला काही बोलायचं नव्हतं. त्याला फक्त नंबर दाखवायचा होता.

मग दरवर्षी, मे महिन्यातल्या त्याच गुरुवारी, दुपारी तो फोन यायचा. साहेबराव त्या दिवशी रजा टाकून घरी बसत, की बाहेर गेलो तर बायको उचलेल. पुढे बायको गेली. खात्यात नवेनवे साहेब आले. पंच्याण्णवचा प्रकार बंद होऊन पुन्हा शून्य आला. मोबाईल आले आणि बूथ एकेक करून उठले. निळा पत्रा भंगारात गेला, तसा फोन सतीशच्या घरच्या लँडलाईनवरून यायला लागला. शेवटचे आकडे बदलले, पुढचे तेच. लँडलाईनवरून मोबाईलला फोन करायचा तर आधी शून्य लावा, असा नियम निघाला, तोही साहेबरावांनी वाचून सोडून दिला. कुणी विचारायला येत नव्हतं. ज्या ज्ञानापायी त्यांनी एका पोराचं नाव बुडवलं, त्या ज्ञानाला आता कुत्रं विचारत नाही. हल्ली पेपरात येतं की गावोगावचे लहान कोड मोडून सगळ्या राज्याचे नंबर एका माळेत ओवायचा विचार चालू आहे. साहेबरावांना वाटतं, करा एकदाचे. दौंड पुसून टाका.

महेंद्र बरा झाला, पण लंगडत चालू लागला आणि वर्षाच्या आत कुठेतरी निघून गेला. कधीमधी आईच्या मोबाईलवर फोन करतो. "कुठं हायस, बाळा?" विचारलं की "हाय हिकडंच" म्हणतो. एकदा ताईबाई मोबाईल घेऊन भावाकडे आली होती. "दादा, तुमाला कोड कळत्यात. ह्या नंबरावरनं सांगा की, माझं पोरगं कुठल्या गावाला हाय."

"मोबाईलचं कळत न्हाई, ताई," साहेबराव म्हणाले. "मोबाईलला गाव नसतं."

ह्या फेब्रुवारीत सतीश वारला. काविळीचं निमित्त झालं. दुपारी साहेबराव बहिणीकडे बसले होते, तेव्हा तिचा नातू सम्राट मोबाईलवर बातमी वाचत आला. ताईबाई गहू निवडत होती. तिचा हात थांबला नाही.

"मेला व्हय? बरं झालं," ती म्हणाली. "माझ्या पोराचा पाय खाऊन मेला."

साहेबरावांना मग बसवेना. वीस वर्षं एक माणूस आपल्याला फोन करत होता, आपण कधीतरी उचलू ह्या आशेवर तो जिवंत होता, आणि आपण कधीतरी उचलू ह्या थापेवर आपणही. आता दोन्ही संपलं. ते म्हणाले, "ताई, सतीशनं सांगितलं न्हवतं. म्या सांगितलं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. टपरी, पोपट, चिठ्ठी, निळा पत्रा, विहार. अडखळत, पण काही न लपवता. सांगताना ते रडले. ताईबाई गहू बाजूला ठेवून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने त्यांच्याकडे पाहिलं. आता ती उठेल आणि आपल्या थोबाडीत देईल, असं साहेबरावांना वाटलं. ते त्याची वाट पाहत होते, खरं तर.

"दादा," ती हळूच म्हणाली, "तुमचं मन लई मोठं हाय. मेलेल्याला झाकाया निघालाय."

"आगं झाकत न्हाई..."

"तुमीच तर भर विहारात म्हनला व्हता, बाहेरच्या कोडाचा नंबर उमटत न्हाई म्हनून. माझ्या कानात हाय आजून."

"ते खोटं व्हतं, ताई. नंबर दिसत व्हता. आजबी दिसतो."

"आज काय, आज फोटोबी दिसतो. तवाचं तवा. तवा तुमी खात्यात व्हता, तुमाला ठावं. आता वय झालं तुमचं, आन् तुमचा जीव हळवा." तिने पुन्हा सूप ओढलं. "त्या सतीशची बाय काय म्हनंल, पोरं काय म्हनतील, म्हनून सोताच्या डोस्क्यावर घेताय."

साहेबरावांनी सम्राटकडे पाहिलं. तो कॉलेजात संगणक शिकतो, त्याला तरी कळेल असं वाटलं असावं. सम्राट म्हणाला, "आजोबा, नंबरावरून लोकेशन पोलिसांनाच मिळतं. असं नुसतं बघून नाय कळत कुणाला." मग हसून त्याने एक नंबर दाखवला. "सांगा बरं, हा कुठला?"

तो मोबाईलचा होता. साहेबराव उठले.

खोटं एकदा भक्कम बांधलं की बांधणाऱ्यालाही ते पाडता येत नाही. ज्या माणसाच्या शब्दावर वस्तीने सतीशला बाहेर काढलं, त्याच माणसाचा शब्द त्याला आत घ्यायला चालेना. उलट संध्याकाळपर्यंत वस्तीत झालं की आप्पा देवमाणूस, भाच्याच्या वैऱ्यालासुद्धा माफ केलं. दोन जण पाया पडून गेले. पायावर निखारा पडावा तसे साहेबराव मागे सरले.

रविवारी दुपारी त्यांच्या घरचा फोन वाजला.

मे नव्हता, गुरुवार नव्हता. साहेबरावांनी रुमाल काढला. पिवळ्या काचेमागे दोन, एक, एक, सात. त्यांना वाटलं, आपलं डोकं फिरलं. मग त्यांनी वीस वर्षांत पहिल्यांदा रिसीव्हर उचलला.

"मामा, म्या सगुणाबाई. सतीशची बायकू, दौंडवरनं." बाईचा आवाज शांत होता. "उचलला बाई येकदाचा."

"जय भीम," साहेबराव म्हणाले.

"जय भीम. आज ह्यांचं पुण्यानुमोदन झालं. समदी मान्सं गेली आत्ता. फोन मोठ्या आवाजावर ठिवलाय, माझी दोन्ही पोरं बसल्याती हितं. त्यांनी लहानपनापास्नं बापाबद्दल काय काय ऐकलंय ते तुमाला ठावं हाय. म्या येकच इचारते. आमचा नंबर तुमच्या डब्यावर दिसतुया का?"

"दिसतो."

"वाचा. मोठ्यानं."

साहेबरावांनी वाचला. दोन, एक, एक, सात, मग दोनशे बासष्ट, मग शेवटचा तुकडा. जन्मभराच्या सवयीने आवाज टपरीवर निघायचा तसाच निघाला, खणखणीत. त्या आवाजाची त्यांना शिसारी आली.

"कुठला नंबर हाय ह्यो?"

"दौंड."

"ह्ये दरसाल फोन करायचे, तवाबी दिसायचा?"

"व्हय. दिसायचा."

"बूथवरनं पयला केला व्हता, त्या साली?"

"त्या सालीबी."

पलीकडून एका मुलीचा आवाज आला. ती त्यांच्याशी बोलत नव्हती, आईशी बोलत होती.

"आई, मग ह्यांनी तवाच का न्हाई सांगितलं?"

साहेबरावांकडे उत्तर होतं. वीस वर्षं घोटलेलं, कोडांसारखं पाठ. त्यांनी तोंड उघडलं. पण सगुणाबाईला त्यांच्याकडून जेवढं हवं होतं तेवढं मिळालं होतं. तिने फोन ठेवला.